स्वार्थी श्रमदानाच्या बाजूने

सकाळी फिरायला निघालेल्या माणसाने टेकडी चढताना हातात पाण्याचा कॅन घेतला, वाटेतल्या रोपाच्या आळ्यात तो रिता केला आणि उतरताना चार प्लॅस्टिकच्या पिशव्या उचलून आणल्या, तर त्यावर कुणी काय आक्षेप घेणार? पण हा प्रश्न पुण्यात विचारायचा नसतो. इथे या माणसाला चहूबाजूंनी ऐकून घ्यावं लागतं. समाजकार्यात उमेद घालवलेले ज्येष्ठ म्हणतात, हा कसली सेवा करतोय, हा पोट कमी करतोय. जिमची वर्गणी भरलेले म्हणतात, याला व्यायाम म्हणत नाहीत. चळवळीतले म्हणतात, महापालिकेचं काम फुकटात उरकून देणारे हे लोक व्यवस्थेला मोकळं सोडतात. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणतात, या हौश्यांना आवरा, टेकडीची वाट लावतील. आणि एक आक्षेप असा आहे की जो सहसा मोठ्याने बोलला जात नाही, पण खरा बोचतो: दुसऱ्या कुणाच्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या झाडूखाली आणि कुदळीखाली गेल्या, त्या झाडूची आणि कुदळीची तुम्ही सकाळी तासभर हौस करता, फोटो काढता आणि घरी जाऊन पोहे खाता.

यातला जिमवाल्यांचा आक्षेप दोन वाक्यांत निकालात निघतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम स्वरूपाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. पाच लिटरचा भरलेला कॅन पाच किलोचा असतो. तो घेऊन चढ चढणं, उकिडवं बसून आळं करणं, उन्हाने कडक झालेल्या मुरमात टिकाव मारणं या सगळ्याला हालचाल म्हणायचं नसेल तर मग कशाला म्हणायचं? एकाच हातात ओझं घेऊन कंबर धरते हे खरं, म्हणून दोन हातांत दोन छोटे कॅन घ्यावेत. इतकंच.

ज्येष्ठांचा आक्षेप मात्र असा झटकता येत नाही, कारण तो एका जुन्या आणि आदरणीय समजुतीवर उभा आहे. सेवा निःस्वार्थ असली पाहिजे. तिच्यात स्वतःच्या फायद्याचा कण मिसळला की ती नासली, ही ती समजूत. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. सामान्य माणसाच्या हातून वर्षानुवर्षं चालणारी सेवा हवी असेल, तर तिच्यात त्याचा स्वतःचा रोकडा फायदा मिसळलेलाच हवा. त्यागाच्या भरात माणूस दोन-चार महिने काम करतो. असामान्य माणसं जन्मभर करतात आणि त्यांच्यासमोर मान लववावी, पण गावोगावच्या टेकड्या, नाले, तळी आणि बारवा सांभाळायला असामान्य माणसं पुरत नाहीत.

हे समजायला टेकडीवरच्या रोपाचं वर्षभराचं गणित बघा. वृक्षारोपणाचे सोहळे ५ जूननंतर सुरू होतात. जुलैमध्ये शाळा, कंपन्या, मंडळं, नगरसेवक सगळे येतात; खड्डे आधीच खणलेले असतात, रोप ठेवायचं, माती लोटायची, टाळ्या. पुढचे तीन महिने रोपाला माणसाची गरजच नसते, पाऊस सगळं करतो. रोपाचा खरा जीव जातो तो मार्च ते मे या काळात, जेव्हा गवत वाळून कडकडीत होतं, दगड तापतो आणि कधीतरी कुणाच्या बिडीने वणवा लागतो. असे निदान दोन-तीन उन्हाळे काढले तर ते झाड म्हणवतं. त्या मे महिन्यात टेकडीवर कोण असतं? सोहळ्यातलं कुणी नसतं. असतो तो डॉक्टरने ‘साखर वाढली आहे, चालायला लागा’ असं बजावलेला गृहस्थ. असते गुडघे कुरकुरू लागल्यामुळे चढायची सवय मोडू न देणारी निवृत्त शिक्षिका. ते झाडासाठी येत नाहीत, स्वतःसाठी येतात आणि म्हणूनच मे महिन्यातही येतात. त्यांच्या हातात कॅन दिला की झाडाचं काम आपोआप होतं. ज्या स्वार्थाला ज्येष्ठ नाकं मुरडतात, त्या स्वार्थाच्या जोरावर रोप उन्हाळा काढतं. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर, तळजाईवर रिकाम्या बाटल्या आणि कॅन घेऊन चढणारी जी मंडळी दिसतात, त्यांच्यातल्या बहुतेकांना आपण समाजकार्य करतो असं वाटतही नाही. फिरायला आलोय, येता-येता घातलं पाणी.

या स्वार्थाची आपल्या देशाला सध्या किती गरज आहे, तेही सांगून टाकतो. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ, ४९.४ टक्के, पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, बायकांत ५७. बायकांचा आकडा मोठा का, याचं एक उत्तर मला आपल्या घरांतच दिसतं. ‘मी फिरून येते’ असं म्हणून सकाळी सहाला घराबाहेर पडणं अनेक घरांत अजून चैन समजली जाते. डबे कोण करणार? ‘टेकडीवरच्या झाडांना पाणी घालायचंय, सगळ्याजणी वाट बघतायत’ म्हटलं की तेच घर गप्प बसतं. काम आहे म्हटल्यावर बाईला बाहेर जायची मुभा मिळते. हा ढोंगीपणा घराचा आहे, बाईचा नाही; आणि त्या ढोंगाचा फायदा घेऊन ती तासभर मोकळ्या हवेत चालणार असेल तर मला आनंदच आहे.

ज्यांना हे सगळं पाश्चात्त्य खूळ वाटतं, त्यांचंही थोडं ऐकू. स्टॉकहोममध्ये २०१६ च्या सुमारास धावता-धावता कचरा वेचायची टूम निघाली, ‘प्लॉगिंग’ हे नाव घेऊन ती आपल्याकडे आली आणि महापालिकांनी तिचे मेळावे भरवले. त्याआधी १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम बर्ड नावाच्या डॉक्टरने रुग्णांना व्यायामशाळेऐवजी झाडझाडोऱ्याच्या राखणीच्या कामाला लावण्याची कल्पना काढली. ‘ग्रीन जिम’ म्हणून ती तिथे रुजली. नावं परदेशी आहेत, मान्य. पण गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घ्यायचे, दिवसभर गटारं आणि रस्ते साफ करायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. काम केल्याशिवाय भाकरी घ्यायची नाही हा त्यांचा दंडक होता. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस, तीही ऐन मे महिन्याच्या विदर्भी उन्हात. तेव्हा स्टॉकहोमला कशाला दोष देता?

आता चळवळीतल्या मित्रांकडे वळतो, कारण त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून एक मोठी गोष्ट मिळवली: मागेल त्याला काम आणि कामाला मजुरी. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने १९७७ मध्ये केला. बांध घालणं, चर खणणं, रस्त्याची खडी फोडणं या घामाला हक्काची किंमत आहे, हे त्या कायद्याने ठरवलं. अशा राज्यात ‘या, सगळे मिळून फुकट खणूया’ म्हणणं म्हणजे मिळवलेल्या हक्कावर पाणी सोडणं, हा युक्तिवाद मला पटतो. गावातल्या भूमिहीन मजुराला कुणी ‘गावासाठी एवढं कर’ म्हणून फुकट राबवलं, तर त्याला श्रमदान म्हणू नये, वेठ म्हणावी. ज्याच्या विहिरीला पाणी वाढणार त्याने खणावं; ज्याला विहीरच नाही त्याला पैसे द्यावेत. एवढा साधा नियम पाळला जात नाही तिथे मी चळवळीच्या बाजूला उभा आहे.

पण इथून पुढे ते जी उडी मारतात, ती मला मान्य नाही. ‘म्हणून नागरिकांनी स्वतः काही करू नये, फक्त मागणी करावी’ हा त्यांचा निष्कर्ष. हिवरे बाजारचं उदाहरण नेहमी दिलं जातं, बहुतेक वेळा चुकीच्या बाजूने. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने श्रमदान केलं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, हे सगळे सांगतात; तिथल्या जलसंधारणाला रोजगार हमीचा आणि आदर्श गाव योजनेचाही पैसा लागला, हे मात्र गाळून टाकतात. मजुरी आणि श्रमदान तिथे एकमेकांना मारायला उठले नाहीत. उलट गावाने स्वतः राबून दाखवल्यामुळे सरकारी पैसा कुठे जातोय यावर गावाचा डोळा राहिला.

शहरातही हेच होतं. वर्सोव्याचा किनारा घ्या. २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शहा यांनी तिथे कचरा उचलायला सुरुवात केली आणि दर शनिवार-रविवारी शेजारपाजारचे लोक येऊ लागले. टीका तेव्हाही हीच होती: भरतीबरोबर पुन्हा येणारा कचरा किती दिवस उचलणार, आणि महापालिका कशाला आहे? पण २०१७ मध्ये प्रशासनाच्या ढिलाईला कंटाळून त्यांनी ती मोहीम थांबवल्याचं जाहीर केलं, तेव्हा ती बातमी झाली आणि थेट मुख्यमंत्र्यांना लक्ष घालावं लागलं. नुसतं निवेदन देणाऱ्या किती जणांच्या निवेदन न देण्याने मुख्यमंत्री हलले असतील? काम करणाऱ्याने काम थांबवलं तरच त्याला धार येते. २०१८ च्या मार्चमध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. हा काही विज्ञानाचा पुरावा नव्हे, पण त्या लोकांना त्या दिवशी काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते.

आणि वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढायचं, बोगदे पाडायचं जेव्हा ऐरणीवर आलं आणि २०२३ मध्ये पुणेकर मोर्चा काढून रस्त्यावर उतरले, तेव्हा त्या मोर्चात कोण होतं? अभ्यासक होते, कार्यकर्ते होतेच. पण टेकडी वाचवायला माणसं गोळा करायची वेळ आली तेव्हा पहिली हाक रोज सकाळी चढणाऱ्यांनाच घालता आली. ज्या उतारावर आपण पाणी घातलंय त्या उतारावर जेसीबी चालणार, हे नकाशात बघून समजणं वेगळं आणि अंगाला लागणं वेगळं. चळवळीला ज्या नागरिकांची नेहमी वानवा असते, ते असे कॅन उचलता-उचलता तयार होतात. त्यांना ‘व्यवस्थेचे हमाल’ म्हणून हिणवणं म्हणजे आपल्याच सैन्यावर दगड मारणं आहे.

प्राध्यापकांचा आक्षेप मी सर्वांत गंभीरपणे घेतो. हौशी माणूस टेकडी म्हणजे रिकामी जागा समजतो आणि रिकामी जागा दिसली की झाड लावतो. पुण्याभोवतीच्या टेकड्या मुळात दाट जंगलाच्या नव्हेतच. त्या गवताच्या आणि विरळ काटेरी झुडपांच्या. तिथे खैर, हिवर, सालई, धावडा, मेडशिंगी यांची तुरळक झाडं आणि मध्ये मोकळं गवत अशी घडण. त्या गवतात चंडोल घरटं करतो, टिटवी उघड्यावर अंडी घालते, रातवा जमिनीला चिकटून बसतो की पाय पडेपर्यंत दिसत नाही. तिथे वड, पिंपळ, गुलमोहर दाटीने लावून ‘हिरवंगार’ केलं की या सगळ्यांचा संसार मोडतो. गवताळ प्रदेश ही पडीक जमीन नाही, ही गोष्ट आपल्या शाळा शिकवत नाहीत आणि सरकारी कागद तर अनेकदा उलटंच लिहितात. सुप्याजवळ मयूरेश्वरचं अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी आहे, तिथला माळ उजाड म्हणून कुणी झाडांनी भरून टाकला असता तर चिंकारे कुठे गेले असते?

किल्ल्यांवर तर हौस आणखी धोक्याची. पावसाळ्यानंतर टाक्यांतला गाळ काढणं, वाटेवरचं रान साफ करणं, बुरुजाच्या सांध्यात उगवलेला पिंपळ कोवळा असतानाच काढणं ही कामं गडप्रेमी संस्था निष्ठेने करतात आणि ती मोलाची आहेत. पण ढासळलेला चिरा ‘बसवायला’ कुणी सिमेंटचं पोतं घेऊन गडावर चढला की घात झाला. चुन्यातलं बांधकाम श्वास घेतं, सिमेंट पाणी कोंडून ठेवतं आणि शेजारचा दगड फोडतं. पिंपळ मोठा झाल्यावर उपटला तर मुळांबरोबर भिंतच येते. २०२५ मध्ये शिवकाळाशी जोडलेले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, तेव्हापासून गडावर काहीतरी ‘करण्याचा’ उत्साह वाढला आहे, आणि संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय हात लावणं कायद्याने गुन्हा आहे, हे त्या उत्साहात कुणी ऐकत नाही.

हे सगळं मान्य करूनही प्राध्यापकांना एक आठवण देतो. पुण्याच्या टेकड्यांवर आज जी उंदीरमारीची गर्द रानं दिसतात, जिच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, ती मध्य अमेरिकेतून आलेली झाडं हौशी फिरस्त्यांनी लावलेली नाहीत. ती वनखात्याने, लवकर वाढतात म्हणून, तज्ज्ञांच्या सहमतीने लावली. अज्ञान ही काही हौशांची मक्तेदारी नाही. फरक एवढाच की रोज त्याच वाटेने चढणाऱ्याला आपली चूक डोळ्यांसमोर मोठी होताना बघावी लागते. ज्याची बदली होते त्याला नाही. म्हणून उपाय हौशांना हाकलणं हा नाही. प्राध्यापकांनी सकाळी सहाला टेकडीच्या पायथ्याशी यावं आणि कुठे लावू नका ते सांगावं. घाणेरी कशी मुळासकट काढायची, वणव्याआधी जाळरेषा कुठून कापायची, कुठला माळ तसाच सोडायचा, हे सांगणारा माणूस मिळाला तर ही मंडळी आनंदाने ऐकतील. त्यांना काय, चढायचं आणि वाकायचं काम हवंय; झाड लावून मिळो की घाणेरी उपटून मिळो, घाम तितकाच येतो. ज्याला फक्त पुण्य हवं असतं त्याला झाडच लावायचं असतं. ज्याला व्यायाम हवा असतो तो शहाण्याचं जास्त ऐकतो, हा स्वार्थाचा आणखी एक फायदा.

राहिला तो बोचरा आक्षेप. त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही आणि असल्याचा आवही आणणार नाही. झाडू हातात घेणं एकासाठी निवड असते आणि दुसऱ्यासाठी जातीने लादलेलं ओझं. सकाळी तासभर रस्ता झाडणाऱ्या डॉक्टरने ‘श्रमाला प्रतिष्ठा दिली’ असं म्हणणं त्या रस्त्यावर तीस वर्षं झाडू मारणाऱ्या बाईच्या तोंडावर मारल्यासारखं आहे. तिला प्रतिष्ठा हातमोजे, पगार, रजा आणि वारसाला दुसरा धंदा यांनी मिळेल. म्हणून माझी भूमिका एवढीच की या कामाचा गौरव करू नये, उत्सव तर मुळीच करू नये. गळ्यात पट्टे, टोप्या, झेंडे, फलक काही नको. सफाई कामगारांचं नियमित काम नागरिकांनी उरकून देऊ नये. गटार आणि मैला यांना तर हातच लावू नये, तिथे यंत्र आणि रीतसर यंत्रणा हवी. टेकडीवर उचललेलं प्लॅस्टिक आणि काच पायथ्याशी कचरावेचकांच्या हाती द्यावी, कारण तो त्यांचा माल आहे आणि त्यांची कमाई आहे. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून हेच सांगत आली आहे. शहरातल्या सुखवस्तू माणसाने दुसऱ्याच्या घामाची नक्कल करू नये, आपल्या अंगचा घाम काढावा, तोही जिथे कुणाची रोजी जात नाही अशा ठिकाणी. टेकडीवरच्या रोपाला मे महिन्यात पाणी घालायला कुणालाच पगार मिळत नाही. ती जागा मोकळी आहे.

याच कारणाने मला दूरगावी बसने जाऊन केलेल्या एका दिवसाच्या श्रमदानाचं फारसं कौतुक नाही. पानी फाउंडेशनची गावागावांतल्या जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली, २०१८ मध्ये ती ७५ तालुक्यांत पोचली. १ मेच्या महाश्रमदानाला शहरांतून माणसं गेली. त्यांनी तासभर घमेली वाहिली, ऊन लागलं, संध्याकाळी परतली. त्याने वाईट काही झालं नाही. पण कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने पहिल्या वर्षी पहिलं बक्षीस मिळवलं ते तिथल्या माणसांनी पंचेचाळीस दिवस स्वतःच्या शिवारात, स्वतःच्या विहिरींसाठी सलग समतल चर खणले म्हणून. त्यांचा स्वार्थ तिथे होता. पुण्या-मुंबईच्या माणसाचा स्वार्थ वेळूत नाही, त्याच्या घरामागच्या टेकडीवर, ओढ्यावर, खाडीच्या काठावर आहे. रोज नाकात जाणारी हवा तिथली आहे. दूरच्या गावाचा उमाळा येणाऱ्याने तिकडे पैसे पाठवावेत आणि चालायला आपल्या टेकडीवर जावं.

महापालिकेला यात मोठं काही करायचं नाही. प्रत्येक टेकडीच्या पायथ्याशी, चढ सुरू होतो तिथे, सकाळी साडेपाच ते आठ चालणारा एक नळ द्या, फेब्रुवारीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत. पिण्याच्या पाण्याचाच हवा असं नाही, सांडपाणी शुद्ध करून जे पाणी नदीत सोडता त्यातलं चालेल. शेजारी कुलपाची एक खोली, तिच्यात कुदळी, विळे, हातमोजे आणि रिकामे कॅन. कुठल्या उताराला हात लावायचा नाही, याचा जैवविविधता समितीने केलेला नकाशा त्या खोलीच्या दारावर लावा. उद्घाटनाला कुणी यायची गरज नाही.